पॅनेलचा वकील बँकेचा, तुमचा कोण?

पत्र: आमची शिरोली एमआयडीसीत कास्टिंग मशीनिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मिस्टर आणि दीर संचालक. हिशेब आणि बँकेचं काम मी बघते. उलाढाल साधारण 14 कोटी. नवीन दोन व्हीएमसी (मशीनिंगची यंत्रं) आणि शेडसाठी एका राष्ट्रीयीकृत बँकेने 3 कोटींचं मुदत कर्ज मंजूर केलंय, सीसीची (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) मर्यादाही 80 लाखांवरून दीड कोटी केलीय. तारण एमआयडीसीचा प्लॉट आणि सासऱ्यांनी राजारामपुरीत स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर. सासरे 2016 साली गेले, मृत्युपत्र नव्हतं. मालमत्ता पत्रकावर सासूबाई आणि दोन्ही मुलांची नावं लागली आहेत. दोन नणंदा आहेत, सांगली आणि बेळगावला दिलेल्या. जामीनदार म्हणून मिस्टर, दीर, सासूबाई आणि मी, अशा चौघांच्या सह्या हव्यात. शिवाय पुण्याचे एक कौटुंबिक स्नेही 15 टक्के शेअर घेऊन 75 लाख घालणार आहेत. त्यातले 40 लाख गेल्या महिन्यात कंपनीच्या खात्यावर आले आणि मशीनच्या अ‍ॅडव्हान्समध्ये गेलेही. बँकेचं मंजुरीपत्र 17 पानी आहे, त्यातली आणि स्नेह्यांच्या कराराच्या मसुद्यातली काही कलमं उतरवून पाठवते. बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टही (मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) दिलाय. मॅनेजरसाहेब म्हणतात, शुक्रवारी सह्या करून टाका. नात्यातल्या एकाने बिझनेस फायनान्सचं काम करणारा वकील सुचवलाय, तो 70 हजार फी सांगतो. आमचे सीए म्हणतात, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे, एक अक्षर बदलणार नाही." मिस्टर म्हणतात, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." वकील खरंच लागतो का?
(नाव छापू नये, शिरोली)

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी एकच सांगतो: शुक्रवारी सह्या करू नका. मॅनेजरना महिनाअखेरीचा आकडा गाठायचा असतो, त्यात गैर काही नाही, पण ती घाई त्यांची आहे. मंजुरीची मुदत बँकेच्या मंजुरीपत्रात लिहिलेली असेल, ती बघा. त्या तारखेआधी चार दिवस राखून सह्या झाल्या तरी मशीन तेच आणि व्याजही तेच.

आता मिस्टरांच्या म्हणीबद्दल. ती मलाही पटते, म्हणूनच वकील आत्ता लागतो. मी बँकेच्या कर्ज विभागात, तुमच्या समोरच्या बाजूला बसून नोकरी केली. लोक वकील कधी शोधायचे, तर सरफेसीची (थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याची) नोटीस हातात पडल्यावर. 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. मग 2002 च्या त्या कायद्याच्या कलम 13(2) खाली नोटीस येते आणि पैसे भरायला 60 दिवस मिळतात. हरकत घेतली तर बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यायचं. मुदत संपली की बँक ताबा घ्यायला मोकळी, आणि त्याविरुद्ध डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला 45 दिवस. तुम्हाला त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागणार. त्या टप्प्यावर कितीही मोठा वकील आणा, तो तुमच्याच सह्यांचे कागद वाचत बसतो, आणि त्यात काय लिहायचं हे ठरवण्याची वेळ केव्हाच गेलेली असते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. फायनान्सचा वकील मंजुरीपत्र आल्यापासून सह्या होईपर्यंतच्या पंधरा-वीस दिवसांत कामाचा. तुम्ही नेमक्या त्या दिवसांत आहात.

"पण बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्ट दिलाय ना?" असं तुम्ही म्हणाल. दिलाय, आणि त्याची फी तुमच्याच खात्यातून वळती झाली असणार. तरी तो वकील बँकेच्या पॅनेलवरचा आहे. मालमत्तेचा इतिहास चाळून त्याने बँकेला सांगितलं की हे तारण घ्यायला हरकत नाही. सासूबाईंनी सही करावी की नाही, हे त्याला कुणी विचारलेलं नाही आणि विचारलं तरी तो सांगणार नाही. त्याने सांगूही नये. कर्जाच्या व्यवहारात बँकेकडे स्वतःचा वकील आहे, मूल्यांकन करणारा आहे, कागदांचे मसुदे आहेत. तुमच्याकडे फक्त पेन आहे.

आता घराचं बघू, कारण मला सगळ्यात मोठी अडचण तिथे दिसते. सासऱ्यांची स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसांना समान हिस्सा. सासूबाई, दोन मुलगे, दोन मुली: पाच जण, प्रत्येकी एक पंचमांश. (सासऱ्यांची आई तेव्हा हयात असेल, तर तिचाही एक.) नणंदांची नावं मालमत्ता पत्रकावर लागली नाहीत म्हणून त्यांचा हक्क गेला असं होत नाही. नोंद महसुली कामासाठी असते, मालकी तिच्यातून येत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं नसेल, तर घराचे दोन पंचमांश सांगली आणि बेळगावला आहेत. पॅनेलच्या वकिलाने हे पकडलं असेल तर रिपोर्टात तशी अट दिसेल. पकडलं नसेल तर तुम्ही खूश होऊ नका. गहाणाच्या कागदावर तुम्ही लिहून देणार आहात की मिळकत निर्वेध असून आमच्याशिवाय कुणाचा हक्क नाही. उद्या एका नणंदेने दावा लावला की ते विधान खोटं ठरतं, आणि चुकीचं विधान हे बहुतेक करारांत हप्ता चुकण्याइतकंच गंभीर कसूर धरलेलं असतं. एकही हप्ता न थकता बँक पूर्ण कर्ज परत मागू शकते.

यावर "बहिणींना बोलवून सही घेऊ" हा घरोघरीचा तोडगा आहे. साडीचोळी करून हक्कसोड घ्यायचे दिवस अजून गेलेले नाहीत हे मला ठाऊक आहे. पण इथे त्या हिस्सा सोडणार की आपला हिस्सा फक्त तारणाला देणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या मार्गाने त्यांची मालकी राहते आणि जोखीमही येते. तुमचा वकील दोन्ही कागद समजावून देईल. मात्र नणंदांनी आपापला सल्ला वेगळा घ्यावा असं त्यांना तुम्हीच सुचवा. नात्याला ते बरं आणि पुढे कागदालाही.

एमआयडीसीच्या प्लॉटचं थोडक्यात: तो तुमच्या मालकीचा नाही, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे आणि गहाण ठेवायला एमआयडीसीची संमती लागते. भागधारक बदलले तर महामंडळाला कळवावं लागतं का, त्यावर शुल्क बसतं का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

जामीनपत्राकडे येऊ. तुम्ही उतरवून पाठवलेलं कलम असं आहे की कंपनी बँकेला "आज किंवा यापुढे कोणत्याही कारणाने जे देणं लागेल ते सर्व" जामीनदार फेडतील. हा जामीन साडेचार कोटींचा नाही. पुढे मर्यादा वाढली, बँक गॅरंटी किंवा एलसी (मालाच्या पैशांची बँकेने दिलेली हमी) घेतली, तर तेही यात आलं. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कंपनीकडून वसुली करून मग तुमच्या दारात यायचं, असं बंधन बँकेवर नाही. त्याच कायद्यात जामीनदाराला काही संरक्षणंही आहेत. उदाहरणार्थ कलम 133: तुमच्या संमतीशिवाय मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरते तुम्ही सुटता. बँकांच्या छापील नमुन्यात ही संरक्षणं जामीनदार आधीच सोडून देतो. तुमच्या नमुन्यातही तसं कलम असणार, शोधा.

आणि जामीन संचालकपदाला बांधलेला नसतो. उद्या दिरांनी वाटणी मागितली, मिस्टर कंपनीतून बाहेर पडले, तरी तुमची सही जागेवर राहते. कंपनी दिवाळखोरीत गेली तरीही. डिसेंबर 2019 पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांविरुद्ध दिवाळखोरी संहितेखाली वेगळी कारवाई करता येते. कंपनीचा तोडगा आराखडा मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये स्पष्ट केलं.

सासूबाईंच्या कागदात एक ओळ असेल: "वरील इंग्रजी मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगण्यात आला असून तो मला मान्य आहे." त्या मराठीत सही करतात म्हणून ही ओळ. शाखेत त्या दिवशी गर्दी असते, कुणी काही वाचून दाखवत नाही, अधिकारी बोटाने जागा दाखवतो आणि म्हातारं माणूस पंचवीस ठिकाणी सह्या करतं. नंतर "मला समजलं नव्हतं" म्हणायची सोय त्या एका ओळीने संपते. त्या संचालक नाहीत, भागधारक आहेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही. घर तारण देतात एवढाच त्यांचा संबंध असेल, तर त्यांची जबाबदारी घरातल्या त्यांच्या हिश्श्यापुरती मर्यादित करा, अशी मागणी करता येते. बँका कधी मान्य करतात, कधी नाही. पण न मागता कुणी देत नाही. तुमचंही तेच. तुम्ही ना संचालक ना मालक, मग चौथी सही कशासाठी, हे लेखी विचारा.

आता ज्या गोष्टीसाठी मला वाटतं 70 हजार वसूल होतात, ती. तुम्ही दोन वेगळ्या लिफाफ्यांतून कलमं पाठवलीत, बँकेची आणि पुण्याच्या स्नेह्यांची. ती शेजारी ठेवून वाचा. बँकेचं कलम 22 म्हणतं, लेखी परवानगीशिवाय भागधारकांच्या रचनेत बदल करायचा नाही. स्नेह्यांना तुम्ही 15 टक्के देणार. स्नेह्यांचा मसुदा म्हणतो, त्यांच्या संमतीशिवाय कंपनीच्या मालमत्तेवर नवा बोजा चढवायचा नाही. बँक तर सगळ्या मशीनवर आणि मालावर बोजा चढवणार. म्हणजे ज्या आठवड्यात दोन्हीकडे सह्या होतील त्या आठवड्यात कंपनी दोघांच्याही करारात कसुरवार! शिवाय स्नेह्यांना तीन वर्षांनी ठरावीक परतावा धरून शेअर प्रवर्तकांना, म्हणजे मिस्टर आणि दिरांना, विकायचा हक्क हवा आहे. ते पैसे मिस्टर कुठून देणार? कंपनीतून काढावेत तर लाभांशावर आणि संचालकांची उसनवार परत करण्यावर बँकेचं बंधन आहे, तेही तुम्हीच उतरवलेल्या कलम 24 मध्ये.

सीए ताळेबंद बघतात, कंपनी सेक्रेटरी फॉर्म भरतात, पॅनेलचा वकील उतारे बघतो. हे चार-पाच कागद एकत्र वाचून कोण कुणाला छेद देतो हे सांगणारं माणूस तुमच्या टेबलावर नाही. कंपन्या फायनान्सचा वकील ठेवतात तो यासाठी. इथला उपाय फार अवघडही नाही: स्नेह्यांच्या 15 टक्क्यांना परवानगी सुधारित मंजुरीपत्रातच घालून घ्यायची, आणि स्नेह्यांच्या करारात या बँकेचा बोजा अपवाद म्हणून लिहायचा. पण क्रम पाळावा लागतो. आधी बँकेचं सुधारित पत्र, मग बाकीच्या सह्या.

त्या 40 लाखांबद्दल मात्र तातडी आहे. शेअर देण्यासाठी खाजगीरीत्या पैसे घ्यायचे, तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 ची रीत आहे: विशेष ठराव, प्रस्तावपत्र, शिवाय नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. पैसे शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि शेअरवाटप होऊन त्याचं विवरण कंपनी निबंधकाकडे जाईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर द्यायचे. नाही दिले तर पुढच्या 15 दिवसांत परत, आणि तेही जमलं नाही तर 12 टक्के व्याज. तुमचे पैसे चालू खात्यावर आले आणि खर्चही झाले. "मग कर्ज म्हणून दाखवू" असं सीए सुचवतील. संचालकाने स्वतःचे पैसे घातले किंवा संचालकाच्या नातेवाइकाने दिले, तर तशी वाट आहे. कौटुंबिक स्नेही कायद्याच्या व्याख्येत नातेवाईक नसतो, आणि ते आज भागधारकही नाहीत. त्यांच्याकडून घेतलेलं कर्ज ठेव ठरायची शक्यता आहे, आणि प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्यांकडून ठेवी घेता येत नाहीत. पैसे कोणत्या तारखेला आले ते पासबुकात बघा, दिवस मोजा आणि वकिलाला पहिल्या भेटीत पहिलं हेच सांगा. त्याला सांगितलेलं गोपनीय राहतं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 चं त्याला कवच आहे. सीएशी झालेल्या बोलण्याला ते नाही.

तुमच्या सीएंचं म्हणणं अर्धं खरं आहे. छापील जामीनपत्र आणि हायपोथिकेशनचा (मशीन-मालाच्या तारणाचा) करार शाखा बदलत नाही, बदलूही शकत नाही. पण मंजुरीपत्रातल्या विशेष अटी प्रत्येक कर्जदारासाठी वेगळ्या लिहिलेल्या असतात आणि त्या विभागीय कार्यालयातून बदलून येतात. जामीनदार कोण, कितीपर्यंत, कोणत्या गोष्टीला आधी परवानगी आणि कोणत्या गोष्टीला नुसती सूचना पुरे, चूक सुधारायला किती दिवस, पहिला हप्ता केव्हा: हे सगळं माझ्या टेबलावर बदललेलं मी पाहिलंय. अट एकच, मागणी कागदावर आणि कारणासकट हवी. तोंडी विनवणीला "वरून आलंय" हे उत्तर ठरलेलं असतं.

तुमच्याकडे एक तयार मुद्दाही आहे. मुदतपूर्व फेडीवर 2 टक्के शुल्क असं मंजुरीपत्रात आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून तुमच्या बँकेसारख्या बँकेला हे शुल्क घेता येत नाही. मंजुरीची तारीख, व्याजाचा प्रकार आणि तुमचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) तपासा. लागू होत असेल तर कलम काढायला लावा. मुदत कर्जाचं की फॅक्ट स्टेटमेंटही (कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एकत्र दाखवणारा कागद) मागा. ऑक्टोबर 2024 पासून एमएसएमईंना ते देणं बँकांना बंधनकारक आहे.

वकील कोणता? कोल्हापुरात ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि वकिलांच्या पाट्यांना बहर आलाय. पण कोर्टात गाजणारा वकील आणि मंजुरीपत्राच्या तळटीपा वाचणारा वकील सहसा एक नसतो. सुचवलेल्या वकिलाला विचारा की कर्जदाराच्या बाजूने त्याने अशी कामं केली आहेत का आणि तो याच बँकेच्या पॅनेलवर आहे का. असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. फीत काय काय येतं ते लेखी घ्या: दोन्ही बाजूंचे कागद वाचणं, बँकेला जाणारं मागणीपत्र, सह्यांच्या दिवशी हजर राहणं, आणि 30 दिवसांत निबंधकाकडे बोजाची नोंद झाली की नाही हे बघणं. जुन्या मशीनचं फिटलेलं कर्ज निबंधकाच्या नोंदीत अजून उघडं दिसतं का, तेही त्यात घाला. असले विसरलेले बोजे ऐन वेळी रकमेचं वाटप अडकवतात. "मंजुरी आणून देतो, एक टक्का द्या" म्हणणारा भेटला तर तो दलाल, मग त्याच्या कोटाचा रंग काळा का असेना. मुंबईच्या मोठ्या फर्मकडे जायची तुमच्या आकाराला गरज नाही.

दरवेळी वकील करा असं मी म्हणत नाही. टेम्पोचं कर्ज किंवा अटी न बदलता होणारं सीसीचं वार्षिक नूतनीकरण सीए आणि तुम्ही मिळून निभावाल. तुमच्या व्यवहारात मात्र बाहेरचा भागीदार, वाटणी न झालेलं सासऱ्यांचं घर आणि संचालक नसलेल्या दोघींचा जामीन हे तिन्ही एकदम आलंय.

उद्या सकाळी शाखेला ईमेल करा: अटींवर कायदेशीर सल्ला घेत आहोत, करारांचे भरलेले मसुदे आधी पाठवावेत. "भरलेले" हा शब्द गाळू नका. कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर आणि बिनतारखेच्या चेकवर कुणीही सही करायची नाही. सोमवारी वकिलाकडे जाताना मंजुरीपत्र, सर्च रिपोर्टाची प्रत, मालमत्ता पत्रक, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, एमआयडीसीचा करार, स्नेह्यांचा मसुदा आणि 40 लाख जमा झालेल्या खात्याचा उतारा न्या. सासूबाईंनाही घेऊन जा. त्यांना वेगळं बसवून मराठीत समजावून सांगायला सांगा, आणि तेवढा वेळ तुम्ही, मिस्टर आणि दीर बाहेर थांबा.